आधी भूकंप, मग नदी

स्तोत्रसंहितेतल्या सेहेचाळिसाव्या स्तोत्राचं एकच वचन आज बहुतेकांच्या ओळखीचं आहे: शांत राहण्याविषयीचं दहावं. सूर्योदयाचं किंवा निवांत तळ्याचं छायाचित्र, त्यावर ते वचन, आणि सकाळी सकाळी ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं. दवाखान्यात असलेल्याला, नोकरी गेलेल्याला, रिपोर्टची वाट पाहणाऱ्याला आपण ते पाठवतो आणि मनापासून पाठवतो. पण त्याच्या शेजारची वचनं वाचली की ते तळं नाहीसं होतं. तिथे ढासळणारे डोंगर आहेत, खवळलेला समुद्र आहे, डळमळणारी राज्यं आहेत आणि मोडून पडलेली शस्त्रं आहेत. या स्तोत्राचा दिलासा त्या गदारोळातूनच येतो, बाहेरून नाही.

स्तोत्र अवघं अकरा वचनांचं. देव हाच आसरा, हे पहिल्या वचनात एकदाच ठामपणे सांगून कवी लगेच वाईटात वाईट काय घडू शकतं ते समोर मांडतो. जमीन जागा सोडते. डोंगर समुद्राच्या पोटात जातात. पाणी फेसाळतं, आणि त्याच्या उसळण्यानं उरलेसुरले डोंगरही थरथरतात. घाबरलेल्या माणसाला आपण 'काही होणार नाही' असं सांगतो. हा कवी तसं सांगत नाही. जगातली सगळ्यात भरवशाची वस्तू कोसळली असं धरून चला, तरीही आम्ही भिणार नाही, असं तो म्हणतो. चिंतेनं झोप उडालेल्या माणसाला हे वाक्यच धीर देतं, कारण त्याच्या मनातली भीती इथे कुणी खोटी ठरवत नाही.

मथळ्यात कोरहाच्या मुलांचं नाव आहे. हा कोरह गणना या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात भेटतो. त्यानं मोशेविरुद्ध बंड केलं आणि जमिनीनं तोंड उघडून बंडखोरांना गिळलं. पुढे सव्विसाव्या अध्यायात, शिरगणतीच्या रुक्ष यादीत, एक नोंद जाता जाता येते की कोरहाचे मुलगे त्यात मेले नाहीत. त्यांचेच वंशज मंदिरातले गायक झाले. ज्या घराण्याच्या आठवणीत जमीन खरोखरच दुभंगली होती, त्याच घराण्याच्या नावावर हे गीत आहे. मथळे आपण वाचताना सोडून देतो. हा सोडू नये.

दुसऱ्या कडव्यात अचानक नदी येते. देवाच्या नगराला आनंद देणारे तिचे प्रवाह. आता यरुशलेमला नदीच नाही. नाईलकाठी इजिप्तची शहरं वसली, फरात नदीकाठी बाबेल. यरुशलेमच्या वाट्याला पूर्वेच्या उतारावरचा गीहोन नावाचा एक झरा आला. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. तेव्हा यहूदाचा राजा असलेल्या हिज्कीयाच्या काळात या झऱ्याचं पाणी शहरात आणल्याची नोंद 2 राजे या पुस्तकात आहे. खडकातून खोदलेला सुमारे 533 मीटरचा तो वेडावाकडा बोगदा आजही पाहता येतो. दोन टोळ्या दोन टोकांकडून खोदत आल्या. मधे थोडाच खडक उरला तेव्हा एकमेकांच्या हाका ऐकू आल्या आणि मग पाणी वाहू लागलं, असं त्यातल्या शिलालेखात कोरलेलं आहे. हा शिलालेख 1880 मध्ये सापडला आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. अनेक अभ्यासक हे स्तोत्र सन्हेरीबच्या स्वारीशी जोडतात. तसं जोडलं नाही, तरी तहानलेल्या डोंगरी शहरातल्या माणसाला नदी दिसते, हे उरतंच. आणि ही नदी किती वेगळी लिहिली आहे! समुद्र गर्जतो, राष्ट्रं गर्जतात. नदीच्या आवाजाचा मात्र स्तोत्रात उल्लेखच नाही. ती नुसती वाहते.

याच कडव्यात मदत येते ती पहाटे. म्हणजे रात्र काढावी लागते, हेही कवी लपवत नाही.

सातव्या आणि अकराव्या वचनात एकच ध्रुपद आहे, आणि त्यात देवाची ओळख याकोबाचा देव अशी दिली आहे. श्रद्धेचा आदर्श मानलेला अब्राहाम हाताशी असताना कवीनं नाव घेतलं याकोबाचं. भावाला फसवून पळालेला, वर्षानुवर्षांनी त्याच भावाला भेटायच्या आदल्या रात्री भीतीनं गांगरलेला, आणि पहाटेपर्यंत झुंजून लंगडत बाहेर पडलेला हा माणूस. त्याचा देव आपला बुरूज आहे म्हटल्यावर भित्र्या माणसालाही आत जागा मिळते. पहिल्या कडव्यानंतर मात्र हे ध्रुपद नाही. तिथे फक्त 'सेला' ही खूण आहे. भूकंपापाशी कवी आपल्याला क्षणभर तसंच उभं ठेवतो, आणि हे मला फार खरं वाटतं. सांत्वनाचे शब्द लगेच सुचू नयेत, असेही प्रसंग असतात.

मग ते दहावं वचन. त्याच्या आधी धनुष्य मोडलं आहे, भाला तुटला आहे, रथ जळत आहेत. देवाचे शब्द स्तोत्रात इथेच ऐकू येतात, आणि पुढच्याच वाक्यात राष्ट्रांचा उल्लेख आहे. म्हणजे हा आवाज आधी लढणाऱ्यांवर कडाडतो: पुरे करा. मग आपण त्यातून घेतो ती शांती चुकीची का? मुळीच नाही. उलट ती अधिक भक्कम होते. घाबरलेल्याला मन आवरायला सांगण्याआधी इथे भीती घालणाऱ्यालाच थांबवलं आहे. साऱ्या स्तोत्रात देवाकडे एकही मागणी नाही, याचं कारणही मला इथेच सापडतं.

इतिहास मात्र इतका सरळ नाही. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं हेच यरुशलेम जाळलं. नगर ढळणार नाही म्हणणारं गीत तेव्हाच खोटं ठरून विसरलं जायला हवं होतं. ते टिकलं, कारण पहिल्या वचनातला आसरा तटबंदीचा नव्हताच. 1527 मध्ये विटेनबर्गला प्लेगची साथ आली तेव्हा मार्टिन ल्यूथर गाव सोडून गेला नाही. त्याच सुमाराच्या वर्षांत त्यानं या स्तोत्रावरून आपलं सर्वात प्रसिद्ध गीत रचलं. 11 सप्टेंबर 2011 रोजी न्यूयॉर्कमध्ये, मनोरे कोसळल्याला दहा वर्षं झाली तेव्हा, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिथे हेच स्तोत्र वाचलं. आणि आपल्याकडे केडगावात, दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींमध्ये राहून, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 मध्ये हे काम पुरं होताच त्या गेल्या. ज्यांच्या पायाखालची जमीन खरोखर गेली होती, त्यांना ते वाचता यावं म्हणून रमाबाईंनी हे केलं.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी कुणा काळजीत पडलेल्याला दहावं वचन पाठवाल, तेव्हा शक्य असेल तर त्याच्यापाशी बसून अकराही वचनं मोठ्यानं वाचा. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि पहिल्या 'सेला'पाशी घाई करू नका.