विकर : कर्ता की करण? मेंदूतील रक्तस्रावोत्तर पेशीनाशाच्या उपपत्तीची चिकित्सा

मेंदूतील रक्तस्रावानंतर होणाऱ्या पेशीनाशासंबंधी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे वैद्यकीय वाङ्मय निर्माण झाले, त्यातील शीर्षकांवरून नुसती नजर फिरविली तरी ‘भूमिका’ हा शब्द वारंवार भेटतो. अमुक विकराची भूमिका, तमुक विकराची भूमिका. शब्द रंगभूमीवरचा आहे, आणि भूमिका म्हटली की तिच्यामागोमाग नायक व खलनायक यावयाचेच. शास्त्रीय लेखनात असे शब्द निरुपद्रवी समजले जातात. प्रस्तुत विषयात त्यांना निरुपद्रवी म्हणणे कठीण आहे. कारण ज्याला खलनायक ठरवावे त्याला जेरबंद करणारे औषध शोधावयाचे, असा संशोधनाचा क्रम पडून गेला आहे, आणि या विकाराचे दर दहांपैकी सुमारे चार रुग्ण महिन्याभरातच दगावतात.

थ्रॉम्बिनाचे उदाहरण पाहावे. रक्तवाहिनी फुटताच हे विकर तयार होते, रक्त गोठविते आणि स्राव थांबविते. तेच भोवतालच्या मेंदूत झिरपले म्हणजे सूज येते. मिशिगन विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या मेंदूत थ्रॉम्बिन टोचल्यावर अशी सूज आली, आणि जळवेच्या लाळेत सापडणाऱ्या हिरुडिन या द्रव्याने ती रोखता आली. येथवर खलनायक निश्चित झाला असे वाटते. परंतु त्याच संशोधकांना असेही आढळले की, थ्रॉम्बिनाची अल्प मात्रा काही दिवस आधी दिली असता पुढील आघात मेंदू अधिक चांगल्या रीतीने सोसतो. याचा उलगडा १९९१ साली सापडलेल्या ग्राहीच्या रचनेत अंशतः मिळतो. थ्रॉम्बिन पेशीच्या पृष्ठभागावरील या ग्राहीचे टोक कापते. उघडे पडलेले नवे टोक त्याच ग्राहीला जाऊन चिकटते व पेशीत संदेश पोचतो. विकराचे काम तेथे संपले. पुढे जगावयाचे, सुजावयाचे की मरावयाचे हे मात्रेवर आणि पेशीच्या अवस्थेवर अवलंबून असते. ‘थ्रॉम्बिन पेशी मारते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले तरी त्यातील कर्ता उसना आहे.

भारतीय व्याकरणपरंपरेने हा प्रसंग फार पूर्वी ओळखला होता. कुऱ्हाडीने लाकूड तोडले जाते. तेथे कुऱ्हाड हे करण. वक्त्याची तशी विवक्षा असेल तर ‘कुऱ्हाड लाकूड तोडते’ असेही म्हणता येते, आणि करण कर्त्याच्या आसनावर बसते. यात गैर काहीच नाही. मात्र हे आसन वक्त्याने दिलेले आहे, याचा विसर पडता कामा नये. विकरांविषयीच्या लेखनात तो पडलेला दिसतो. त्याहून मोठी हानी अशी की, कर्ता मिळाल्याच्या समाधानात अधिकरण, म्हणजे क्रिया कोठे आणि केव्हा घडली, हे वाक्यातून गळून जाते.

या दृष्टीने हीम ऑक्सिजनेज या विकराचा विचार उद्बोधक ठरतो. १९६८ साली वर्णिलेले हे विकर हीमोग्लोबिनातील हीम फोडते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड, लोह व बिलिव्हर्डिन हे हिरवे द्रव्य निघते. दुसरे एक विकर या हिरव्याचे पिवळे बिलिरुबिन करते. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट व पुढे पिवळा होतो, तो याच क्रियेमुळे. घरातील वडीलधारी माणसे तो रंग पाहून ‘आता उतरू लागले’ असे म्हणतात, आणि ते बरोबरच असते. तीच क्रिया मेंदूत घडली म्हणजे सुटलेले लोह पेरॉक्साइडाशी संयोग पावून, फेंटन यांनी १८९४ साली नोंदविलेल्या विक्रियेने, पेशींच्या पटलांना जाळू लागते. विकर तेच, क्रिया तीच, अधिकरण बदलले. एकास ‘बरे होणे’ आणि दुसऱ्यास ‘इजा’ म्हणणारे क्रियापद विकराच्या अंगी नाही.

काळाचेही तसेच. उंदराच्या मेंदूत फुटलेल्या तांबड्या पेशी घातल्या तर दिवसभरात सूज येते. अखंड पेशी घातल्या तर ती तीनएक दिवसांनी, पेशी फुटू लागल्यावर येते. प्रारंभीची सूज थ्रॉम्बिनाशी आणि नंतरची लोहाशी निगडित आहे, हे या साध्या प्रयोगाने जितके स्पष्ट होते तितके ‘भूमिका’ या शब्दाच्या शेकडो आवृत्त्यांनी होत नाही.

परिभाषेची विसंगती तर गमतीची आहे. पेशींच्या नियोजित मरणाला केर, वायली व करी यांनी १९७२ साली जे ग्रीक नाव दिले, त्याचा अर्थ पाने गळून पडणे असा आहे. ते अॅबर्डीन येथील ग्रीकच्या एका प्राध्यापकांनी सुचविले होते. मराठीत त्याला ‘पानगळ’ हा तयार शब्द आहे, आणि ‘गळणे’ हे अकर्मक क्रियापद असल्यामुळे गाळणाऱ्याची गरजच उरत नाही. परंतु ही पानगळ घडविणाऱ्या कॅस्पेज विकरांपैकी काहींना त्याच शास्त्राने ‘जल्लाद’ अशी पदवी देऊन ठेवली! मराठीत हा विषय लिहिणाऱ्याने ‘मरणे’ आणि ‘मारणे’ यांतील निवड इंग्रजी वाक्याकडे पाहून न करता पुराव्याकडे पाहून करावी.

भाषेचा हा दोष औषधांच्या अपयशाचे कारण होय, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि २०१९ साली प्रसिद्ध झालेली डिफेरॉक्सामीन या लोह बांधणाऱ्या औषधाची चाचणी येथे विचारार्ह आहे. सुमारे २९० रुग्णांच्या या चाचणीत औषध तीन दिवस दिले गेले. पूर्वीच्या चाचणीतील अधिक मात्रा श्वसनाच्या गंभीर उपद्रवांमुळे सोडून द्यावी लागली होती. नव्वद दिवसांनी औषध घेतलेल्यांपैकी शेकडा ३४ आणि न घेतलेल्यांपैकी शेकडा ३३ रुग्ण चांगल्या स्थितीत आढळले. लोह रक्तगुठळीतून कित्येक दिवस सुटत राहते, हे ध्यानात घेतले तर ‘लोह घातक आहे’ या वाक्याला ‘केव्हा’ आणि ‘किती दिवस’ ही पदे जोडल्यावाचून चाचणीचा निकाल वाचता येत नाही.

याच्या उलट, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कोणत्याही विकरास लक्ष्य न करता चोवीस तासांच्या आत अल्पछेद शस्त्रक्रियेने रक्तगुठळीच काढून घेण्यात आली, आणि सहा महिन्यांनंतरची स्थिती सुधारलेली दिसली. तेथेही लाभ आढळला तो मेंदूच्या बाह्य खंडांतील स्रावांत. खोल भागात स्राव झालेल्या रुग्णांची भरती मध्येच थांबविण्यात आली.