आज्ञालेखन : एक नवा गद्यप्रकार

कोणताही नवा लेखनप्रकार उदयास आला की त्याचे नियम सांगणारे आधी पुढे येतात आणि त्याची समीक्षा करणारे मागाहून येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' हे संभाषणयंत्र सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून अशा यंत्रांना घालावयाच्या आज्ञा, म्हणजेच 'प्रॉम्प्ट', कशा लिहाव्यात हे शिकविणाऱ्या पुस्तिकांचा आणि वर्गांचा सुकाळ झाला आहे. या आज्ञांकडे गद्य म्हणून पाहण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत. आमच्या वाचकांस ते घेण्याचा विशेष अधिकार आहे, असे आम्ही समजतो. शेरे, टिपण्या, मसुदे आणि परिपत्रके यांत ज्यांची हयात जाते, त्यांना आज्ञेतील एकेका शब्दाची किंमत ठाऊक असते.

प्रचलित उपदेशांतील सर्वांत लोकप्रिय सूत्र म्हणजे 'तू वीस वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ आहेस' या वाक्याने आरंभ करणे. जुन्या पत्रांतील मायन्याचेच हे नवे रूप होय. ते अगदीच निरुपयोगी आहे असे नव्हे. अफाट लिखित मजकुरावरून, कोणत्या शब्दांपाठोपाठ कोणते शब्द संभवतात, हे ही यंत्रे शिकलेली असतात. त्यामुळे अशा वाक्याने उत्तराचा सूर बदलतो. परंतु सूर आणि ज्ञान या भिन्न गोष्टी आहेत. पद बहाल केल्याने पात्रता येत नाही, हे कचेरीत वावरणाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

दुसरी दोन सूत्रे अधिक वजनाची आहेत. अपेक्षित उत्तराचे दोनचार नमुने आज्ञेतच दिले, तर यंत्रास नव्याने न शिकविताही ते पुष्कळ कामे साधते, हे २०२० साली 'जीपीटी-३' या प्रतिमानावरील निबंधात दाखविण्यात आले. 'पायरीपायरीने विचार कर' एवढे सांगितल्यानेही गणिती प्रश्नांची उत्तरे सुधारतात, हे २०२२ साली आढळून आले. पुढच्या यंत्रांत असा पायऱ्यांचा विचार आपण होऊनच करण्याची सोय झाली आणि त्या मंत्राचे महत्त्व उतरले. सूत्रांचे आयुष्य असे अल्प असते. मग या लेखनात टिकाऊ असे काय उरते, हाच खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

त्याच्या उत्तरासाठी आम्हांस मराठीतील एका जुन्या आज्ञेकडे वळावेसे वाटते. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेले पत्र आमच्या बहुतेक वाचकांनी कधी ना कधी पाहिलेले असेल. पावसाळ्यासाठी दाणा-वैरणीचा साठा बेताने वापरा, एवढाच हुकूम त्यात असता, तर ते पत्र विस्मृतीत गेले असते. पण साठा अवेळी संपला तर घोडी मरतील, मग लष्करातील लोक कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, लाकूड उचलू लागतील आणि रयत परागंदा होईल, ही सारी साखळी पत्रात उलगडलेली आहे. जे हवे ते बाजारातून विकत घ्यावे, हा मार्गही सांगितलेला आहे. इतकेच काय, दिव्याची पेटती वात उंदीर गवतात ओढून नेईल, या धोक्याचीही जाणीव दिलेली आहे. काय करावे, ते का करावे, चूक कोठे होईल आणि त्याऐवजी काय करावे, ही चार अंगे ज्या आज्ञेत आहेत ती पुरी आज्ञा. यंत्रासाठीही याहून निराळे शास्त्र आम्हांस दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. 'मंडळाच्या गणेशोत्सवाचे चांगले निमंत्रण लिही' अशी आज्ञा केली की समृद्ध परंपरा, सांस्कृतिक वारसा आणि आनंदाची पर्वणी यांनी भरलेला, कोणत्याही गावास चालेल असा मजकूर हाती पडतो. आता दुसरी आज्ञा पाहावी : 'आमचे बहुतेक सभासद बदलीच्या नोकरीतले आहेत. त्यांची मुले मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. यंदा मुलांचे नाटक आहे, ते पहिल्याच वाक्यात यावे. शंभर शब्द पुरेत. वारसा, संस्कृती, पर्वणी हे शब्द नकोत. वेळ आणि स्थळ मी घालीन, तू कल्पनेने घालू नकोस. गेल्या वर्षीचे निमंत्रण सोबत आहे, त्याचा सूर ठेव.' येथे बोलतात पण वाचत नाहीत, हे एक वाक्य यंत्रास कधीच सुचले नसते. ते लिहिणाऱ्याच्या अनुभवातून आलेले आहे. चिपळूणच्या पत्रातील उंदराची जागा येथे त्या वाक्याने घेतली आहे.

यावर कोणी म्हणेल, की एवढे लिहू शकणाऱ्याने निमंत्रणच का लिहू नये? आक्षेप रास्त आहे. उत्तम आज्ञा लिहिणाऱ्याने अर्धे लेखन केलेलेच असते. म्हणून या कलेने श्रम वाचतात ते हाताचे, डोक्याचे नव्हेत. ज्यास आपणांस काय हवे हे ठाऊक नाही, त्यास ती काही देत नाही. देते ती केवळ काही मिळाल्याचा भास.

हा भास मराठीच्या बाबतीत अधिक घातक आहे. यंत्रांनी पाहिलेल्या मजकुरात इंग्रजीच्या मानाने मराठी फारच थोडी असते. त्यामुळे 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे' यांसारखी वाक्ये पानोपानी येतात. शब्द मराठी, सांगाडा परका. दुसरीकडून हिंदीची ओढ असते. कायद्यातील दुरुस्तीस 'संशोधन' म्हटलेले मराठी मसुद्यात आढळले, तर नवल नाही. पण हिंदी मुलखात वीस वर्षे काढलेल्या अधिकाऱ्याच्या कानासही तो शब्द खटकेनासा झालेला असतो. यंत्राची मराठी आणि परप्रांतस्थाची मराठी एकाच दिशेने कलली, तर दुरुस्ती कोणी करावयाची? आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील खरी चिंता हीच आहे. आज्ञेत 'दुरुस्ती म्हण, संशोधन नको' असे लिहिण्यासाठी तो भेद आधी लिहिणाऱ्याच्या कानात जिवंत असावा लागतो.

जबाबदारीचा प्रश्न तर याहून उघड आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात, एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात, वकिलांनी यंत्राने रचलेले खोटे निवाडे सादर केले. निवाडे खरे आहेत काय, असे त्यांनी यंत्रासच विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता! न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला, तो वकिलांस, यंत्रास नव्हे. आपल्याकडे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कचेरीच्या संगणकांवर अशी साधने वापरू नयेत असे बजावले, ते सरकारी माहितीच्या गोपनीयतेसाठी. चिपळूणच्या पत्राचे धनी जाब देण्यास बांधलेले होते. यंत्रास जाब विचारता येत नाही. म्हणून आज्ञा करणाराच येथे आज्ञा पाळणाराही ठरतो.

तेव्हा या नव्या गद्यप्रकाराची आमची कसोटी साधी आहे. यंत्राने दिलेला मसुदा कोणत्या कारणासाठी नापसंत करावयाचा, हे आज्ञा लिहितानाच ज्यास सांगता येते, त्याने ती खुशाल लिहावी. ज्यास ते सांगता येत नाही, त्याने तूर्त कागद पुढे ओढून पहिला मसुदा स्वतःच्या हातानेच करावा, हे बरे.