वीज आणि ओवी

साल १९८७. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपून मी मडगावला मामाकडे गेलो होतो. थोरला मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता. प्रत्येक खेपेला तो सेंटच्या बाटल्या, सिगारेटी आणि लाँगप्ले तबकड्या घेऊन येई. सेंट आणि सिगारेटी दोन दिवसांत वाटून संपत. तबकड्या मात्र त्याच्या खोलीतल्या लाकडी पेटीत राहत. त्यांना हात लावायचा तर त्याचा एकच हुकूम असे, "पयलीं हात धुवून यो." देवघरात जाताना धुवावेत तसे हात धुऊन मी त्या पेटीपाशी बसलो. खरे सांगायचे तर मनात तुच्छताच होती. इंग्रजी गाणे म्हणजे गिटारी आणि आरडाओरडा, अशी बेळगावच्या आम्हा मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांची पक्की समजूत होती.

त्याने लावली ती जोन बाएझची पहिली तबकडी, १९६० सालची. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या नाचघरात ती मुद्रित झाली, तेव्हा बाएझ एकोणीस वर्षांची होती. ऐकणारा मीही एकोणीस वर्षांचा. एक आवाज, एक गिटार, क्वचित जोडीला दुसरी. बाकी काही नाही. त्यात 'मेरी हॅमिल्टन' नावाचे गाणे आहे. राणीच्या पदरची दासी, तिला झालेले राजाचे मूल, त्या मुलाला तिने दिलेली जलसमाधी आणि मग फाशीची वाट. इंग्रजी मला निम्मेच कळत होते, तरी अंगावर काटा आला. सांगण्याची ती तऱ्हा माझ्या ओळखीची होती. विशेषणे नाहीत, हंबरडा नाही, 'पाहा किती वाईट झाले' असे कुठे म्हटलेले नाही. माझी आजी जात्यावर बसून असेच सांगे. कुण्या सासुरवाशिणीने विहीर जवळ केली हेही ती 'आज आमटीत कोकम नाही' अशा सुरात सांगे, आणि जाते फिरतच राही.

पुढे एम.ए.ला लोकसाहित्य हा विषय घेतला, त्यामागे ती दुपार होती. साने गुरुजींनी गोळा केलेल्या 'स्त्री जीवन'मधल्या ओव्या वाचताना कानात मधूनच बाएझ गात असे, हे प्राध्यापकांना सांगण्याची मात्र हिंमत झाली नाही.

इंग्रजी आणि स्कॉटिश कथागीतांचे जे भांडार हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ग्रंथबद्ध केले, त्यात ३०५ गीते आहेत. बाएझने पहिली ओळख मिळवली ती त्याच हार्वर्डच्या परिसरातल्या कॉफीगृहांत. तिचे वडील मेक्सिकोत जन्मलेले, आई स्कॉटलंडमधली. या तबकडीच्या शेवटी ती एक गाणे स्पॅनिशमधून गाते आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागत नाही, की खुलासाही करीत नाही. दोन वारशांच्या घरात वाढलेल्या माणसालाच हे इतके सहज जमते. तरीही आज ती तबकडी ऐकताना एक उणेपण जाणवते. आवाज इतका निर्मळ आहे की गाण्याला धूळच लागत नाही. काचेच्या कपाटातली पैठणी बघावी तसे आपण बघत राहतो. ती कुणी नेसेल, तिला हळदीचा डाग पडेल, असे वाटत नाही.

'गाणे जसे सापडले तसेच जपावे' हे व्रत त्या पिढीच्या अमेरिकन लोकगीतप्रेमींनी घेतले होते, आणि ते मोडल्याबद्दल बॉब डिलनला शिव्या खाव्या लागल्या. मार्च १९६५मध्ये त्याची 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम' ही तबकडी निघाली. पहिल्या बाजूला सात गाणी, विजेवरच्या गिटारी आणि ड्रमसह. दुसऱ्या बाजूला चार लांब गाणी, त्याची स्वतःची साधी गिटार आणि माउथऑर्गन यांच्याभोवती उभी. एकाच घराचे दोन दरवाजे, एक जुन्या गल्लीत उघडणारा, दुसरा हमरस्त्यावर. त्याच वर्षी २५ जुलैला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतून हुर्यो उठली. कुणी म्हणतात वाद्यांमुळे, कुणी म्हणतात ध्वनिव्यवस्था वाईट होती म्हणून, कुणी म्हणतात फार थोडी गाणी म्हटली म्हणून. पुढल्या वर्षी मँचेस्टरला एका श्रोत्याने त्याला भर सभागृहात 'जुडास' म्हटले. येशूला विकणाऱ्या शिष्याचे नाव! आपल्याकडे 'सूर्याजी पिसाळ' म्हणावे तसे.

मी त्या वयात न्यूपोर्टला असतो तर हुर्यो करणाऱ्यांतच असतो, हे कबूल करतो. कागदावरची ओवी हीच खरी ओवी असे मानणारा मी होतो. पण मौज अशी की न्यूपोर्टला त्याने आरंभीच म्हटलेले 'मॅगीज फार्म' हे गाणे 'डाउन ऑन पेनीज फार्म' या जुन्या गाण्यावरून घडले होते. खंडकरी शेतकऱ्यांची मालकाविषयीची ती कुरकुर १९२९ साली मुद्रित झाली होती आणि हॅरी स्मिथने १९५२मध्ये ज्या ८४ जुन्या मुद्रणांचा संग्रह काढला, त्यात ती होती. हा संग्रह म्हणजे त्या लोकगीतप्रेमींची पोथीच. म्हणजे त्यांनी हुर्यो केली ती आपल्याच पोथीतल्या गाण्याच्या नातवाला. शिवाय त्या पोथीतली मुद्रणेही मुळात बाजारात विकण्यासाठीच काढलेली होती; सोवळे असे त्यांत काही नव्हते.

साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला दुसऱ्या बाजूची चार गाणी श्रेष्ठ वाटतात. पहिल्या बाजूवरची दोन-तीन गाणी नुसती थट्टेची आहेत. ती एकदा ऐकून हसावे आणि सुई पुढे न्यावी. पण पहिल्याच गाण्याचा वेग काही विसरता येत नाही. बाजारात भाव सांगणाऱ्याच्या, घाईघाईने निरोप देणाऱ्याच्या बोलण्याचा तो वेग आहे. लोकांची भाषा म्हणून आपण जी जपतो ती बहुधा आजोबांची असते. डिलनने रस्त्यावर चाललेली उचलली. डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत वाद झाला की गाणी म्हणजे साहित्य का. ज्यांच्या अभ्यासक्रमाची सुरुवात अभंगांनी होते त्यांनी हा वाद घालावा, याचे मला हसू आले.

मात्र डिलनने घर सोडले ते सोडलेच. तो आपली गाणी लिहीत गेला. जुने गाणे, चाइल्डसाहेबांच्या ग्रंथातले, शब्दही फारसा न बदलता विजेच्या वाद्यांवर जगेल का, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते मिळाले इंग्लंडात, १९६९च्या डिसेंबरात, फेअरपोर्ट कन्व्हेन्शनच्या 'लीज अँड लीफ' या तबकडीत. साठीच्या दशकातल्या सगळ्या तबकड्यांमधून एकच ठेवायची झाली तर मी ही ठेवीन.

तिच्यामागे एक मोठे दुःख आहे. मे १९६९मध्ये कार्यक्रमाहून परतताना या मंडळींच्या गाडीला महामार्गावर अपघात झाला. त्यांचा एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लँबल गेला, आणि गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. उरलेल्यांनी संच मोडायचा की नाही, इथपासून विचार केला. मग हॅम्पशरमधल्या एका खेड्यात मोठे घर भाड्याने घेऊन ती उन्हाळाभर राहिली. ऍशली हचिंग्ज लंडनच्या ग्रंथालयातून जुनी गीते शोधून आणी. व्हायोलिनवादक डेव्ह स्वार्ब्रिकला तर ती आधीपासूनच पाठ होती. त्यांचा निर्माता जो बॉइड हा न्यूपोर्टच्या त्या गाजलेल्या संध्याकाळी रंगमंचाची व्यवस्था पाहत होता. योगायोग म्हणा, पण त्या भांडणाचा साक्षीदार इथे हजर होता.

'मॅटी ग्रोव्ह्ज' हे चाइल्डच्या संग्रहातले ८१ क्रमांकाचे गीत. सरदाराची बायको देवळात एका गरीब तरुणाला हेरते आणि घरी बोलावते. नोकर धावत जाऊन धन्याला सांगतो. धनी येतो, तरुणाला उठवून आधी तलवार देतो आणि मग मारतो. बायको त्याच्या तोंडावर सांगते की मला मेलेलाच अधिक प्रिय, तेव्हा तिलाही मारतो. दोघांना एकाच खड्ड्यात पुरायला सांगतो, पण बायको वरच्या अंगाला, कारण ती थोर कुळातली! कुळाचा हा हिशेब मृत्यूनंतरही सुटत नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

सँडी डेनी हे सगळे कुणाचाही पक्ष न घेता गाते. स्त्रीविषयी कणव नाही, सरदाराविषयी राग नाही. आवाजात किंचित जाडसरपणा आहे, आणि खून करतानाही तो चढत नाही. तिच्या खाली ड्रम आणि बास एका लयीत चालत राहतात. कथा संपते, गाणारी थांबते, आणि व्हायोलिन व विजेची गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जातात. कित्येक मिनिटे ते द्वंद्व चालते. गाणारीने जे दाबून ठेवले ते सगळे तिथे बाहेर पडते.

इथे मला आजीचे जाते पुन्हा दिसले. ओवी कधीच नुसती ओवी नव्हती. तिच्याखाली दगडाची घरघर होती, खुंट्याला धरलेल्या दोन हातांचा जोर होता, पहाटेची झोप होती. बाई रडत नसे, कारण रडण्याचे काम जाते करीत होते. पिठाच्या गिरण्या आल्या, जाते माजघराच्या कोपऱ्यात गेले. आम्ही अभ्यासकांनी धावत जाऊन शब्द तेवढे वाचवले आणि म्हणालो, लोकगीत वाचले. तिकडेही तसेच झाले. कष्ट गेले, संग्रह उरले. बाएझचे गाणे मला काचेमागचे वाटले त्याचे कारण हेच असावे. फेअरपोर्टच्या ड्रमने आणि बासने त्या गीतांना हरवलेले वजन परत दिले. ती वीज म्हणजे शहरी चैन नव्हती. ते जाते होते. नवा ड्रमवादक डेव्ह मॅटॅक्स नाचाच्या बँडमधून आलेला. तो गाण्यावर ठेका लादत नाही. शब्द कुठे टेकतो ते पाहून हात टाकतो.

उणिवाही आहेत. 'कम ऑल ये' हे आरंभीचे गाणे स्नेहसंमेलनातल्या सूत्रसंचालनासारखे वाटते, एकेका वाद्याचे कौतुक करून या बसा म्हणणारे. पण 'फेअरवेल, फेअरवेल' ऐकावे. चाल जुनी, शब्द थॉम्पसनचे नवे. अपघाताचा उल्लेख त्यात कुठेही नाही, आणि तरी तो विसरून हे गाणे मला ऐकता आलेले नाही.

मजा पुढेच आहे. तबकडी बाजारात येईपर्यंत हचिंग्ज आणि डेनी दोघेही संच सोडून गेले होते. त्याला अजून जुन्याकडे जायचे होते, तिला स्वतःची गाणी गायची होती. सीमावाद घरातच होता म्हणायचा. डेनी १९७८ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली.

फेअरपोर्टची मंडळी त्या काळात 'द बँड' या संचाची 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' (१९६८) ही तबकडी पुन्हा पुन्हा ऐकत होती. चार कॅनडाचे, एक आर्कान्सॉचा. डिलनच्या मागे उभे राहून शिव्या खाल्लेले हेच. तिच्या आवरणात एक छायाचित्र आहे: ही पाच पोरे आणि त्यांचे आईबाप, काका, मावश्या, असा सगळा गोतावळा. वडीलधाऱ्यांना हसण्याची फॅशन होती त्या वर्षी! लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे ते चित्र पाहूनच मी निम्मा त्यांच्या बाजूचा झालो. जानेवारी २०२५मध्ये गार्थ हडसन गेल्यावर त्या पाचांपैकी आता कुणी उरले नाही.

सायमन आणि गारफंकल यांच्याविषयी माझे मत थोडे कडू आहे. १९६६च्या त्यांच्या तबकडीतले 'स्कारबरो फेअर' जगभर गाजले. गिटारीची ती मांडणी पॉल सायमनने लंडनला मार्टिन कार्थीकडून उचलली होती. तबकडीवर कार्थीचे नाव नाही. गीत सर्वांचे हे खरे, पण सर्वांचे म्हणून ते कुणाच्याही नावावर चढवावे का? २००० साली सायमनने कार्थीला लंडनच्या रंगमंचावर बोलावून ते गाणे दोघांनी मिळून म्हटले. चौतीस वर्षे लागली. गाणे मात्र सुरेखच आहे, काय करणार!

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुली ओव्या घेऊन आल्या. सोबत एक मुलगा, त्याचा कीबोर्ड, आणि त्यात भरलेला ड्रमचा ठेका. पूर्वीचा मी असतो तर दारातूनच परत पाठवले असते. एवढेच म्हटले, कुणाच्या घरी जाते असेल तर आधी त्यावर बसून म्हणून या. एकीच्या आजोळी होते, चिकोडीकडे. आठ दिवसांनी त्या आल्या तेव्हा चारांतल्या दोन ओव्या कन्नड झाल्या होत्या. शेजारच्या आजीने त्यांना बीसुव पद शिकवले, चाल तीच. मराठीच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

तालमीत कीबोर्डवाला मुलगा अडला. त्याचा ठेका चार-चारचा, ओवीचा शेवटचा चरण आखूड. दर वेळी मुली संपवीत आणि यंत्र एकटेच पुढे वाजत राही. दोन-तीनदा त्याने बटणे दाबून पाहिली. मग यंत्र बंद केले, बाकावर तळहात टेकवला आणि म्हणाला, "सर, ह्यांना म्हणू देत. मी ऐकून वाजवतो."