अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक

आमच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या मावशींनी गेल्या महिन्यात तीनशे रुपये वाढ मागितली. त्या वेळी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकणारा आमचा भाचा तेथेच होता. त्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन रेघा काढल्या. एक उतरती, मागणीची, दुसरी चढती, पुरवठ्याची. त्या जेथे मिळाल्या त्याच्या वर एक आडवी रेघ ओढून तो म्हणाला, "मामा, मजुरी इथवर नेली की कामाला मागणी घटते. वाढ दिलीत तर मावशींचेच नुकसान." त्याच्या स्वरात निष्ठुरपणा मुळीच नव्हता, भूमितीचा सिद्धान्त सुटल्याचा आनंद होता. आम्ही जन्मभर इंग्रजी काव्य शिकविले. अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नाही. तथापि एका सुस्वभावी मुलास तीन महिन्यांत इतकी खात्री देणारे पुस्तक आहे तरी कसे, हे एकदा पाहावे असे वाटून आम्ही ते त्याजकडून मागून घेतले.

हार्वर्डचे प्राध्यापक ग्रेगरी मॅन्क्यू यांचे 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' ते हे. त्याची पहिली आवृत्ती १९९८ ची. पुस्तक उत्तम लिहिले आहे, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. एखादी वस्तू मिळविताना जे सोडावे लागते तोच तिचा खरा खर्च, ही कल्पना त्यात फार स्वच्छपणे मांडली आहे. आमच्याकडील टीकाकारांनी ही भाषा अभ्यासावी. २०११ च्या नोव्हेंबरात ग्रंथकर्त्याच्या काही विद्यार्थ्यांनी, हे शिक्षण एकांगी आहे अशी तक्रार करून, त्यांचा वर्ग सोडला होता. वर्ग सोडणे हा टीकेचा फार सोपा प्रकार झाला. पुस्तकात खोटे असे आम्हांस काही आढळले नाही. दोष आहे तो कोणती गोष्ट कोठे ठेवली, यात.

किमान मजुरीचा विचार आरंभीच्या प्रकरणांतच येतो, आकृतीसह, ठळक. आकृतीत मजूर पुष्कळ आणि मालकही पुष्कळ असे गृहीत धरलेले असते. मालक एकच असला, किंवा थोडे असले, तर काय होते? तेही ग्रंथकर्त्याने सांगितले आहे. परंतु पुष्कळ पुढे, श्रमाच्या बाजारावरील प्रकरणात, एका लहानशा चौकटीत. शिवाय ती आकृती साऱ्या बाजाराची आहे, एका स्वयंपाकघराची नाही, एवढे तर आमच्या भाच्याने स्वतःच ओळखावयास हवे होते!

येथे आम्हांस केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शल यांची आठवण झाली. त्यांचा ग्रंथ १८९० सालचा. आमच्या ग्रंथालयातील प्रतीवर धूळ बरीच होती. किंमत मागणी ठरविते की पुरवठा, हे विचारणे म्हणजे कागद कात्रीच्या कोणत्या पात्याने कापला हे विचारणे होय, हा दृष्टान्त त्यांचाच. त्याच दोन रेघा त्यांच्याही ग्रंथात आहेत, पण तळटीपांत! गणित परिशिष्टात घातले आहे, आणि वरचे सगळे पान गद्याला दिले आहे. मजुरीच्या विवेचनात मार्शल सांगतात की आज न विकलेले श्रम उद्याकरिता साठवून ठेवता येत नाहीत. विकणारा बहुधा गरीब असतो, त्याच्या गाठीस काही नसते, म्हणून घासाघिशीत त्याची बाजू लंगडी पडते. हे वरच्या पानावर आहे. शंभर वर्षांत तळटीप वर चढली आणि गद्य चौकटीत गेले.

ही केवळ मांडणीची बाब आहे असे कोणी म्हणेल. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात किमान मजुरी तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाली; शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ती होती तेवढीच राहिली. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून ४१० झटपट खाद्यगृहे तपासली, आणि न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे दिसत नाही असे १९९४ मध्ये लिहिले. इतर पंडितांनी पगारपत्रकांच्या आधारे त्यांस आव्हान दिले; तो वाद अद्याप मिटलेला नाही. कार्ड यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात ह्या कामाचा वाटा होता. अर्थात ज्या प्रश्नावर जाणत्यांत एवढे भांडण आहे, तो प्रश्न पहिल्या वर्षाच्या मुलास सुटलेला वाटतो. त्यांतील पुष्कळ मुले पुढे हा विषय घेतच नाहीत. ती बँकेत जातील, सरकारी कचेरीत बसतील, घरी मोलकरीण ठेवतील. ती चौकट त्यांच्या वाचनात कधी यावयाची?

मार्शल यांचे ते पान आम्ही भाच्यास दाखविले. त्याने ते दोनदा, मन लावून वाचले. मग म्हणाला, "छान आहे, मामा. पण परीक्षेत आकृतीच विचारतात."

मावशींची वाढ मात्र आमच्या मंडळींनी त्याच दिवशी देऊन टाकली होती. पलीकडच्या इमारतीत तेवढेच देतात, असे मावशींनी सांगितले म्हणे.