स्थानी, आदेश आणि राखीव सर्व्हर : कॉन्फिगरेशन स्क्रिप्टच्या भाषेची समीक्षा

१

कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसास 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य नवे नाही. शिधावाटपाचे दुकान असो, सातबाऱ्याचा उतारा असो की परीक्षेचा अर्ज असो, खिडकीपलीकडून हे वाक्य आले की वाडीवस्तीवरून आलेल्या माणसाचा दिवस आणि एस.टी.चे भाडे दोन्ही वाया जातात. अशाच एका खिडकीशी उभे असता प्रस्तुत लेखकाच्या मनात आले की, एक यंत्र बंद पडले तर दुसऱ्याने आपोआप त्याची जागा घ्यावी, अशी व्यवस्था गेली चार दशके जगात उपलब्ध आहे. मग हे वाक्य अद्याप इतके जिवंत का?

या व्यवस्थेस 'फेलओव्हर क्लस्टर' म्हणतात. दोन वा अधिक सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. ते परस्परांस ठरावीक अंतराने 'मी जिवंत आहे' असा संकेत पाठवितात. एकाचा संकेत थांबला की दुसरा त्याचा पत्ता व त्याचे काम स्वतःकडे घेतो. अशी जुळणी हाताने करणे किचकट असल्याने ती आता कॉन्फिगरेशन स्क्रिप्टच्या साह्याने केली जाते. ओस्लो येथे मार्क बर्गेस यांनी १९९३ मध्ये सीएफएंजिन ही प्रणाली रचली. पुढे २००५ मध्ये पपेट व २०१२ मध्ये ॲन्सिबल या प्रणाली आल्या. यांपैकी एखादीत मजकूर एकदा लिहून ठेवला की शंभर यंत्रे एकसारखी सिद्ध होतात.

या मजकुराचे यंत्रशास्त्रीय परीक्षण करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. परंतु स्क्रिप्ट हा भाषिक लेख आहे. त्यास व्याकरण आहे, अर्थ आहे आणि काही ठिकाणी अर्थाची चोरीही आहे. त्या दृष्टीने त्याची समीक्षा करणे भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचे नाही.

२

प्रथम या लेखाचा गुण सांगितला पाहिजे. जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट आज्ञार्थात लिहिलेली असे : 'हे स्थापन कर, ही ओळ जोड, ते सुरू कर.' अशी आज्ञा दोनदा दिली तर ओळ दोनदा जोडली जाई आणि यंत्र बिघडे. नव्या पद्धतीची स्क्रिप्ट, निदान तिचे चांगले लेखन, विध्यर्थात असते. 'दार लाव' आणि 'दार लागलेले असावे' या दोन वाक्यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. पहिल्यात क्रिया सांगितली आहे, दुसऱ्यात स्थिती. दार आधीच लागलेले असेल तर दुसऱ्या वाक्याने काहीच करावयाचे उरत नाही. म्हणून अशी स्क्रिप्ट दहा वेळा चालविली तरी परिणाम एकच राहतो.

यास्काने निरुक्तात नाम आणि आख्यात यांचा भेद सत्त्व आणि भाव यांच्या प्राधान्यावरून केला, हे अभ्यासकांस ठाऊक आहे. स्क्रिप्टच्या भाषेत गेल्या तीस वर्षांत घडलेले स्थित्यंतर याच रेषेवरून झाले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ती भावाकडून सत्त्वाकडे सरकली. यंत्राने काय करावे हे सांगणे कमी झाले. यंत्र कसे असावे हे सांगणे वाढले. यामुळे मूळ सर्व्हर आणि राखीव सर्व्हर यांत तसूभरही भेद राहू नये, हे साधणे प्रथमच शक्य झाले. हातांनी जुळविलेली दोन यंत्रे सहा महिन्यांत एकमेकांपासून दूर जातात, आणि ही गोष्ट नेमकी बिघाडाच्या दिवशी कळते.

३

येथवर सर्व ठीक आहे. आक्षेप आहे तो पुढील अनुमानास. यंत्रे एकसारखी झाली म्हणजे जागा घेण्याचा प्रश्न सुटला, असे समजले जाते. एकाने दुसऱ्याच्या जागी येणे म्हणजे काय, याचा विचार आपल्याकडे व्याकरणाने फार बारकाईने केलेला आहे. ज्याची जागा घेतली जाते तो स्थानी आणि जो जागा घेतो तो आदेश. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ५६ व्या सूत्रात पाणिनी सांगतो की, आदेश स्थानीसारखाच मानावा. 'अस्' या धातूच्या जागी विशिष्ट प्रत्ययांपूर्वी 'भू' येतो, तेव्हा 'भू'ला धातूचे सर्व अधिकार मिळतात. मराठीतही 'जा' या धातूच्या जागी भूतकाळी 'गे' येतो, परंतु 'मी गेलो' या वाक्यात कर्त्याची व प्रत्ययाची व्यवस्था अन्य अकर्मक धातूंप्रमाणेच राहते. क्लस्टरमध्ये सामायिक पत्ता एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातो आणि बाहेरच्या माणसास बदल जाणवत नाही, हा स्थानिवद्भावच होय.

परंतु पाणिनी त्याच सूत्रात एक अपवाद सांगतो. जे कार्य मूळ शब्दाच्या प्रत्यक्ष वर्णांवर अवलंबून असेल, त्या कार्यापुरता आदेश हा स्थानीसारखा मानू नये. 'दिव्' या शब्दातील व्यंजनाच्या जागी 'औ' येऊन 'द्यौः' हे रूप होते. येथे 'औ'ला व्यंजन मानले असते तर पुढच्या प्रत्ययाचा लोप होऊन विसर्ग नाहीसा झाला असता; तसे होत नाही. तात्पर्य, अधिकार संक्रांत होतो, अंगभूत द्रव्य संक्रांत होत नाही.

हा अपवाद सर्व्हरासही तंतोतंत लागू आहे. पत्ता, नाव आणि काम राखीव यंत्राकडे जातात. परंतु मूळ यंत्राच्या स्मृतीत त्या क्षणी जे होते आणि अद्याप दुसरीकडे उतरले नव्हते, ते जात नाही. नक्कल मागाहून होत असेल, तर शेवटचे काही क्षण हरवतात. ती त्याच क्षणी होत असेल, तर मूळ यंत्रास प्रत्येक वेळी राखीव यंत्राच्या होकाराची वाट पाहावी लागते. या दोहोंत काय पत्करावयाचे, हा निर्णय स्क्रिप्टमध्ये एखाद्या शब्दाने नोंदविलेला असतो; त्याचे कारण मात्र बहुधा नोंदविलेले नसते. वाचणाऱ्यास ती केवळ एक ओळ दिसते.

४

व्याकरण आणि यंत्र यांतील साम्य येथे संपते. पाणिनीच्या व्यवस्थेत आदेश आला की स्थानी निवृत्त होतो आणि ही निवृत्ती निःसंशय असते. यंत्राच्या जगात ती निःसंशय नसते. संकेत थांबला याचा अर्थ दुसरे यंत्र बंद पडले असा होईल, किंवा मधली तार तुटली असाही होईल. तार तुटली असेल तर दोन्ही यंत्रे जिवंत असतात आणि दोघांसही दुसरा मेला असे वाटते. मग दोघेही एकाच साठवणीवर लिहू लागतात आणि माहितीचा नाश होतो. क्लस्टरच्या परिभाषेत यास मेंदू दुभंगणे म्हणतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला बहुमताचा : तीन यंत्रांपैकी ज्या बाजूस दोन असतील तिनेच काम घ्यावे. दुसरा उपाय कठोर आहे : काम घेण्यापूर्वी संशयित यंत्राची वीज तोडावी, म्हणजे त्याच्या निवृत्तीविषयी शंका उरणार नाही. पेसमेकर या प्रचलित प्रणालीत या उपायाचे नाव 'स्टोनिथ' आहे. 'दुसऱ्या यंत्राचे डोके उडवा' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांचे ते बनले आहे.

प्रस्तुत लेखकाचा मुख्य आक्षेप येथे आहे. पेसमेकरमध्ये स्टोनिथ मुळात चालू स्थितीत असते आणि वीज तोडण्याचे साधन जोडल्याखेरीज प्रणाली काम सुरू करीत नाही. साधन जोडणे कष्टाचे असल्याने शिकाऊ पाठांत 'स्टोनिथ बंद असावे' अशी ओळ तात्पुरती घातली जाते. तीच ओळ नकलून स्क्रिप्टमध्ये येते आणि स्क्रिप्ट ती निष्ठेने शंभर ठिकाणी पोहोचविते. विध्यर्थाचे सामर्थ्य येथे उलटते. 'असावे' या रूपात इच्छा, योग्यता आणि कर्तव्य या छटा एकत्र नांदतात, हे मराठी व्याकरणाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. 'तूर्त असले तरी चालेल' या अर्थाने लिहिलेली ओळ यंत्र 'असलेच पाहिजे' या अर्थाने पाळते. लेखकाचा संकोच नकलेत उतरत नाही.

५

आता एक प्रत्यक्ष प्रसंग पाहू. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी सुरू झाले. बाजाराने नंतर केलेल्या खुलाशानुसार प्रमुख केंद्र आणि जवळचे राखीव केंद्र यांमधील दूरसंचार दुवे अस्थिर झाले. असे झाले तरी प्रमुख केंद्रातील साठवण चालू राहावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तीच सर्व्हरांस अप्राप्य झाली. म्हणजे रक्षणासाठी जोडलेला दुवा तुटला आणि ज्याचे रक्षण करावयाचे तेच थांबले. चेन्नई येथे दूरचे राखीव केंद्र असताही त्या दिवशी व्यवहार तेथे नेले गेले नाहीत.

यानंतर सेबीने मार्च २०२१ मध्ये काढलेल्या परिपत्रकाचे शब्द भाषाशास्त्राच्या दृष्टीने मननीय आहेत. महत्त्वाची यंत्रणा खंडित झाल्यास ३० मिनिटांच्या आत ती घटना 'आपत्ती' म्हणून घोषित करावी आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावे, असे त्यात म्हटले आहे. येथे बिघाड आणि आपत्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. बिघाड घडतो, आपत्ती मात्र कोणीतरी घोषित करावी लागते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी ज्या उच्चारांकडे लक्ष वेधले, त्या वर्गातील हा उच्चार आहे. तो वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही, ती घडवितो. आणि अधिकारी व्यक्तीने केला तरच घडवितो.

कन्नडच्या वाचकास याचे उदाहरण दूर शोधावयास नको. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावकडे जाणारी वाहने अडकून पडली. नांदगावमार्गे जाणारा रस्ता आदल्या दिवशीही होताच. परंतु 'घाट बंद' असे अधिकाराने जाहीर होईपर्यंत तो पर्यायी मार्ग ठरत नाही. तोवर मागून येणारा ट्रक घाटातच शिरतो.

घोषणेचा अधिकार वापरण्यासही सराव लागतो. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजारांनी प्रत्यक्ष व्यवहारांचे विशेष सत्र घेतले आणि त्याचा एक भाग राखीव केंद्रावरून चालविला. बिघाड नसताना केलेले हे स्थानांतर म्हणजे त्या व्यवस्थेची खरी परीक्षा होय.

६

निष्कर्ष असा की, कॉन्फिगरेशन स्क्रिप्ट आदेशास स्थानीसारखा करते आणि ते काम ती माणसाहून चांगले करते. परंतु काय संक्रांत होणार नाही, स्थानी निवृत्त झाल्याची खात्री कशी करावयाची आणि ती घोषणा कोणाच्या अधिकाराने व्हावयाची, या तीन प्रश्नांविषयी ती एक तर मौन बाळगते किंवा एका ओळीत त्यांना निकालात काढते. स्वयंचलन म्हणजे निर्णयाचा अभाव नव्हे. तो निर्णय आगाऊ लिहून ठेवणे होय. म्हणून ज्या स्क्रिप्टवर लोकांचे काम अवलंबून आहे, तिच्यात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कारणांसह आणि माणसास वाचता येतील अशी लिहिलेली असावीत. येथे 'असावीत' हे रूप कर्तव्याच्या अर्थाने घ्यावे.

आता पुन्हा त्या खिडकीकडे वळू. 'सर्व्हर डाऊन आहे' या वाक्यात स्थिती आहे. कर्ता नाही, काळाची मर्यादा नाही आणि पुढे काय करावयाचे तेही नाही. ऐकणारा माणूस ते पाऊसपाण्यासारखे सोसून परत फिरतो. 'अकरा वाजता बिघाड झाला, अमुक अधिकाऱ्याने साडेअकराला काम राखीव यंत्रावर नेले, बारा वाजता यावे' असे वाक्य त्या खिडकीतून ज्या दिवशी ऐकू येईल, त्या दिवशी राखीव यंत्राबरोबर त्याची भाषाही तालुक्यापर्यंत पोहोचली, असे म्हणता येईल.