राजचिन्हे, काच आणि पाटी

लंडनमधील सदबीजच्या लिलावातून राज्य सरकारने मिळवलेली पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत आली. बातम्यांत सर्वांत ठळक होती तिची किंमत: सुमारे ४७ लाख रुपये.

राजचिन्हे मांडताना संग्रहालयेही बहुधा याच वाटेने जातात. घराणे, वजन, रत्नांची जात सांगितली की पाटी संपते. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, हे क्वचितच कळते. टॉवर ऑफ लंडनमध्ये प्रेक्षक सरकत्या पट्ट्यावरून मुकुटांपुढून जातात. प्रश्न सुचेपर्यंत मुकुट मागे पडलेला असतो. १८४९ मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून घेतलेल्या कोहिनूरला तिथल्या मांडणीत ‘जिंकून घेतल्याचे प्रतीक’ म्हणायला २०२३ साल उजाडले.

हा प्रश्न वर्ध्यापासून दूरचा नाही. आजचा वर्धा जिल्हा नागपूरकर भोसल्यांच्याच मुलखातला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. बाकाबाईंचा विरोध निष्फळ ठरला. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर विकले गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. त्यांतला एखादा दागिना आज कुठे काचेआड असेल, तर त्याच्या पाटीवर नागपूर आणि कलकत्ता ही दोन्ही नावे हवीत. त्यांच्याविना तो नुसता सुंदर दागिना उरतो. राज्य कसे गेले याचा पुरावा राहत नाही.

ही तलवार मात्र स्वतःच थोडे बोलते. पाते युरोपीय घडणीचे. त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द. परदेशी पोलाद, मराठी सत्ता आणि इथल्या कारागिराचा हात एकाच वस्तूत आहेत. चांगली मांडणी या तिन्हींना जागा देईल.

तशी मांडणी कशी असते, हे पाहायला लंडनला जायला नको. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी १९३८ मध्ये केले. तिथे चरखा आहे, ग्रामोद्योगाची अवजारे आहेत. वस्तूइतकाच ती घडवणारा हातही महत्त्वाचा मानला आहे. लोक वैभव पाहायला येतात, हे खरेच. पण सोन्याची अक्षरे कोरणारा कारागीर आणि खजिना भरणारी रयत पाटीवर आली, म्हणून तलवारीचे तेज उणावत नाही. उलट, ती कोणाच्या जोरावर उचलली गेली, हे तेव्हाच कळते.