विपश्यना
बौद्ध परंपरेतील अंतर्निरीक्षणात्मक ध्यानपद्धती. ब्रह्मदेशातील ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी १९६९ मध्ये ती भारतात शिकविण्यास प्रारंभ केला. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील ‘धम्मगिरी’ या केंद्रात १९७६ पासून शिबिरे भरू लागली. दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून प्रथम श्वासावर (आनापान) चित्त एकाग्र करतात व नंतर मस्तकापासून पायांपर्यंतच्या संवेदना तटस्थपणे पाहतात.

सतिपट्ठानसुत्तात काया, वेदना, चित्त व धम्म ही चार स्मृतिस्थाने सांगितली आहेत. गोएंकांनी वेदनेला देहसंवेदनेच्या अर्थाने केंद्रस्थान दिले. मराठीत वेदना म्हणजे पीडा. पालीत मात्र ती सुखद, दुःखद व उभयरहित अशी त्रिविध असून अभिधम्मात तिची गणना रूपात नव्हे, तर नामात म्हणजे मानसिक घटकांत होते. त्यामुळे हा अर्थ काहीसा संकुचित ठरतो. तथापि ग्रंथ व कर्मकांड यांवाचून कोणासही स्वतःच्या देहापासून साधनेचा आरंभ करता येतो, हे त्याचे सामर्थ्य होय.

डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूर येथे बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या विवेचनात दुःखाच्या सामाजिक कारणांवर भर आहे. अन्यायजन्य दुःख केवळ संवेदना म्हणून न्याहाळल्यास त्याचे मूळ तसेच राहते. इगतपुरीच्या साधनेत ‘समता’ म्हणजे चित्ताची अविचलता. आंबेडकरी विचारात माणसामाणसांतील समानता. पहिलीने दुसरीस बळ दिले, तरच या साधनेचे आधुनिक जीवनातील मोल सिद्ध होईल.